आठ किलोमीटरचं घर

मित्रांनो, पुण्याच्या स्वारगेट स्थानकातून भोरला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी बसला आहात का? बसला असाल तर हा रस्ता तुमच्या ओळखीचा असेल. कात्रजचा डोंगर ओलांडला, की खेड-शिवापूर येतं. मग येतो नसरापूरचा फाटा. तिथून आत गेलं, की गर्द झाडीत लपलेलं बनेश्वराचं देऊळ. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. पण आज आपल्याला तिथं उतरायचं नाही. थोडंसं पुढे, कापूरहोळच्या अलीकडे, कंडक्टरकाका हाळी देतील, "कामथडीऽऽ! चला, कामथडी कोण आहे?" तिथं पटकन उतरायचं. दप्तर, पाण्याची बाटली विसरू नका हं!

उतरल्यावर पहिल्यांदा काय ऐकू येतं? ट्रकचे भोंगे! कारण गाव महामार्गालाच लागून आहे. पण रस्त्याकडे पाठ करून दहा मिनिटं आत चालत जा. आवाज मागे पडतो. भाताची खाचरं, ज्वारीची ताटं, बांधावर बाभळी आणि चारी बाजूंना डोंगर. पूर्वेकडे पुरंदर, पश्चिमेकडे राजगड. शिवरायांच्या दोन लाडक्या किल्ल्यांच्या मधला हा पट्टा. शिवगंगा, गुंजवणी, नीरा या नद्यांचा मुलूख.

गावाच्या नावातली 'थडी' कानाला कशी गोड लागते, नाही? थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठची ती भीमथडी. तिथली तट्टं मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. गोदावरीच्या काठची ती गंगाथडी. असे शब्द आपल्या नकाशावर जागोजागी पेरलेले आहेत. थांबून ऐकले तर खूप काही सांगतात.

तर अशा या गावात मी गेलो होतो एक घर बघायला. खरं सांगायचं तर घर नव्हतंच तिथं. होती फक्त मोकळी जागा, जमिनीत रोवलेली एक काठी आणि भांडणाच्या बेतात असलेली तीन माणसं!

तीन माणसं, तीन मतं

पहिले गुरुजी. आयुष्यभर शहरातल्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर गावी परतायचं ठरवलं. दुसरी आर्किटेक्टताई. आर्किटेक्ट म्हणजे घराचा आराखडा करणारी, वास्तुरचनाकार. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची, गुरुजींची आई. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. आपण तिला आजीच म्हणू.

गुरुजींना घर हवं होतं दगडमातीचं. लहानपणी होतं तसं, उन्हाळ्यात गारेगार. ताईला तर अशी घरं बांधायला फारच आवडतं. मग अडलं कुठं?

अडलं आजीपाशी.

"मला नको बाई मातीचं घर!" आजी काठी आपटत म्हणाली. "साठ वर्सं सारवलंय मी. दर आठवड्याला शेण कालवायचं, पोतेरं फिरवायचं. दर दिवाळीला भिंती लिंपायच्या. ह्याला काय जातंय बोलायला? हा तवा शाळेत व्हता. आन् एवढं करून काय झालं? पावसाळ्यात एका रात्री भिंत बसली. देवाची किरपा, त्या बाजूला कुणी झोपलं नव्हतं. मला स्लॅबचं घर पायजे. शेजारच्यांचं हाय तसं."

गुरुजी गप्प. मीही गप्प. कारण आजीचं काय चुकलं, सांगा बरं? मातीच्या घराचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ असतात. पण ते घर सारवणारे हात बहुतेक वेळा त्यांचे नसतात.

ताईने वाद घातला नाही. ती म्हणाली, "आजी, ती पडलेली भिंत मला दाखवाल का?"

भिंत का पडली?

जुनं घर गावठाणात होतं. चार खणांचं. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात. पूर्वी घर किती मोठं, हे चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत. तीन भिंती उभ्या होत्या आणि चौथीचा झाला होता मातीचा ढीग. ताई त्या ढिगाभोवती अशी फिरू लागली, जशी एखादी गुप्तहेर! चला, आपणही तिच्याबरोबर पुरावे गोळा करू.

पुरावा पहिला. वर पाहिलं, तर भिंतीच्या डोक्यावरची तीन-चार कौलं फुटलेली. म्हणजे कित्येक पावसाळे पाणी वरून भिंतीत झिरपत होतं.

पुरावा दुसरा. खाली पाहिलं, तर बाहेरची गल्ली घरापेक्षा उंच! घर बांधलं तेव्हा जोतं चांगलं दोन हात उंच होतं. जोतं म्हणजे घराचा दगडी चौथरा. पण गल्लीत दर काही वर्षांनी नवा थर पडत गेला, काँक्रीट झालं. जोतं बुडालं आणि गल्लीतलं पाणी थेट मातीच्या भिंतीला टेकलं.

पुरावा तिसरा, आणि हा फार महत्त्वाचा. पडलेल्या ढेकळांना एका बाजूने करडी खपली चिकटली होती. सिमेंटचा गिलावा!

"हा मीच करून घेतला होता," गुरुजी ओशाळून म्हणाले. "वाटलं, मजबुती येईल."

ताई म्हणाली, "गुरुजी, मातीची भिंत श्वास घेते, म्हणजे भिजली तरी पाणी हळूहळू वाफ होऊन बाहेर जातं आणि भिंत सुकते. सिमेंटने तो रस्ता बंद केला. वरून आणि खालून पाणी आत येत राहिलं, बाहेर पडायला जागाच नाही. आतली माती चिखल झाली. बाहेरून मात्र गिलावा दिसत होता झकास!"

कळलं का मित्रांनो? भिंत मातीची होती म्हणून पडली नाही. तिची टोपी फुटली, पाय बुडाले आणि वर घट्ट रेनकोट चढवला, म्हणून पडली.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंजे माझ्या सारवणाचा दोस न्हवता तर." एवढंच. पण तिचा आवाज जरा मऊ झाला होता.

कंपासपेटी काढा!

दुपारी जेवण झाल्यावर गुरुजींनी तालुक्याचा नकाशा पसरला. ताईने कंपास घेतला, टोक कामथडीवर रोवलं आणि आठ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. आठच का? त्याची एक गोष्ट आहे.

लॉरी बेकर नावाचे एक आर्किटेक्ट होते. जन्म १९१७ सालचा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते चीनमध्ये रुग्णांची सेवा करत होते. परत जाताना बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजींचं म्हणणं त्यांच्या मनात कायमचं बसलं: आदर्श खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंतून बांधलेलं असावं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर! बेकर पुढे भारतातच राहिले, इथले नागरिक झाले आणि केरळात त्यांनी विटांची, चुन्याची, साध्या वस्तूंची शेकडो सुंदर घरं बांधली. २००७ साली ते वारले. 

आणि गांधीजी नुसतं बोलणारे थोडेच? वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला सहलीला गेलात, तर बापू कुटी जरूर पाहा. १९३६ साली गांधीजी त्या गावी राहायला गेले. तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कौलं यांच्या आहेत. देशभरातले मोठमोठे पुढारी तिथं येत आणि जमिनीवर बसून चर्चा करत.

आता आपलं वर्तुळ. त्यात काय काय सापडलं?

दगड तर हवा तेवढा. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आपला सह्याद्री घडला. राजगडचा बुरूज आणि आजीचा पाटा-वरवंटा, दोन्ही त्याच लाव्ह्याचे! मुरूम होता. बांधावर कळकाची बेटं होती. भाताचा पेंढा आणि तूस होतं. जुन्या घराच्या तुळया होत्या, अजून ठणठणीत. आणि माती?

"माती कशाला शोधायची?" गुरुजी म्हणाले. "शेतातली काळी माती आहे की!"

ताई हसली. "भूगोलाचे गुरुजी तुम्ही, आणि परीक्षा मी घेऊ?"

मातीची परीक्षा

ही परीक्षा तुम्हीही घेऊ शकता. एक पारदर्शक बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ. झाकण घट्ट लावून दोन मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी पाहा. सर्वांत खाली वाळू बसलेली दिसेल, तिच्यावर गाळ आणि अगदी वर बारीक चिकण माती. पट्टीने थर मोजा. भिंतीच्या मातीत वाळू भरपूर हवी आणि चिकण माती साधारण पाचवा हिस्सा. चिकण माती म्हणजे भिंतीतला डिंक. डिंक कमी पडला तर भिंत भुगा होते आणि जास्त झाला तर सुकताना तडकते.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. ओलसर मातीचा लाडू वळा आणि छातीच्या उंचीवरून खाली टाका. पार भुगा झाला? वाळू जास्त. पोळीसारखा चपटा झाला? चिकण माती किंवा पाणी जास्त. दोन-चार मोठे तुकडे झाले? शाबास, ही माती घराची!

गुरुजींच्या काळ्या मातीचा लाडू थपकन चपटा झाला. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा पाहिल्यात ना? तशाच भेगा भिंतीला पडतील. ज्वारीला ही माती म्हणजे आई, पण घराला नाही.

मग आजी उठली. पडलेल्या भिंतीच्या ढिगातून मूठभर माती आणली, पाणी शिंपडलं, सराईत हातांनी लाडू वळला आणि टाकला. तीन तुकडे!

"सासऱ्यानं पांढरीतून आणली व्हती," ती म्हणाली.

काळी आणि पांढरी! आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावाच्या वस्तीला पांढरी. जुन्या लोकांनी काळी पिकासाठी राखली आणि घरं पांढरीवर बांधली. तीच माती पिढ्यान्‌पिढ्या भिजवायची, पुन्हा पुन्हा वापरायची. म्हणजे पडलेली भिंत हा कचरा नव्हताच. नव्या घराच्या विटा त्या ढिगातच झोपल्या होत्या!

रोवलेली काठी काय सांगते?

आता त्या काठीचं रहस्य. ती बरोबर एक मीटर उंच होती. मी गेलो तेव्हा डिसेंबर होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मोजली, ती भरली जवळजवळ नव्वद सेंटिमीटर, अगदी उत्तरेकडे पडलेली. म्हणजे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला, खाली. तोच सूर्य मे महिन्याच्या मध्याला भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली गायब! हा आपल्या भागातला शून्य सावलीचा दिवस. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग दाटलेले असतात.

याचा घराशी काय संबंध? हाच तर! दक्षिणेला मोठी खिडकी ठेवली आणि वर बेताचं छप्पर पुढे काढलं, तर थंडीतलं खाली आलेलं कोवळं ऊन घरात येतं आणि उन्हाळ्यात डोक्यावरचं ऊन छपरावरच अडतं. वीज नको, बटण नको!

पश्चिमेला मात्र बंदोबस्त हवा. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, दुपारचं कडक ऊनही तिकडूनच. म्हणून ताईने त्या बाजूला रुंद पडवी काढली. तिथं लाकूडफाटा, धान्याच्या कणग्या, न्हाणीघर. म्हणजे पाऊस आधी पडवीशी लढेल, मग भिंतीशी. महामार्गाच्या बाजूची भिंत चांगली दीड हात जाड. जाड भिंत आवाज अडवते आणि दुपारची उष्णताही. ऊन भिंतीतून हळूहळू आत सरकतं. ते पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते.

किल्लारी विसरायची नाही

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जरी ती दुःखाची असली तरी. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, किल्लारीच्या परिसरात, भूकंप झाला. गणपतींचं विसर्जन करून लोक झोपी गेले होते. हजारो माणसं दगावली, आणि बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली. ती घरं दगडमातीचीच होती.

"मग तरीही तुम्ही दगडमातीचं घर बांधता?" मी ताईला विचारलं.

"म्हणूनच शिकून बांधते," ती म्हणाली. "तिथल्या भिंती जाड होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. आत एक थर, बाहेर एक थर, मधे बारीकसारीक दगड. थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वर छपरावर कित्येक इंच मातीचं ओझं. जमीन हलली तसे थर सुटले आणि ते ओझं खाली आलं."

तिने आराखड्यावर बोट ठेवून दाखवलं. इथं ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड. कोपऱ्यात एकमेकांत गुंतवलेले मोठे चिरे. खिडक्या-दारांच्या डोक्यावरून सगळ्या घराला वेढणारा लाकडाचा अखंड पट्टा, पिंपाला असतो तसा. छप्पर कौलांचं, हलकं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला. कोयना आपल्यापासून काही फार दूर नाही. 'पूर्वी असंच बांधायचे' एवढं म्हणून चालत नाही, मुलांनो. पूर्वीच्यांचं चांगलं घ्यायचं आणि त्यांच्या चुकाही लक्षात ठेवायच्या.

चुन्याचा फेरा

पाया आणि खिडकीपर्यंतची भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. त्यावर कच्च्या विटा. म्हणजे माती, पेंढा, तूस तुडवून, साच्यात घालून, उन्हात वाळवलेल्या. भट्टी नाहीच. बाहेरून चुन्याचा गिलावा, जो मातीला श्वास घेऊ देतो.

चुन्याची गंमत तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. चुनखडी भट्टीत भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरते कळीचा चुना. त्याच्यावर पाणी घातलं, की तो फसफसतो, उकळतो, विरतो. (लांबूनच पाहायचं हं! डोळ्यांत उडाला तर फार वाईट.) आणि भिंतीला लावल्यावर? तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू परत चुनखडीचा दगड बनतो. फेरा पूर्ण! जुने कारागीर चुन्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचं पाणी घालत. भोरच्या डोंगरांत हिरडा पुष्कळ. 'हिरडस मावळ' हे नाव बाजीप्रभूंच्या गोष्टीत वाचलंय ना? किल्ल्यावर एखादा दगडी गोल चर आणि त्यात भलंमोठं जातं दिसलं, तर ओळखा, तो चुन्याचा घाणा. बैल जुंपून त्यात चुना मळत.

सिमेंट वाईट आहे का? तसं नाही. धरणं, पूल, उंच इमारती त्याच्याशिवाय कशा होणार? पण ते करताना सुमारे चौदाशे अंश तापमान लागतं. माणसामुळे जगाच्या हवेत जितका कार्बन डायऑक्साइड जातो, त्यातला साधारण सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. म्हणून जिथं गरज आहे तिथंच ते वापरावं, एवढंच.

आजीची अट

आराखडा तयार झाला. गुरुजी खूश. ताईने कागद आजीपुढे धरला. "आजी, आता तुम्ही सांगा."

आजी म्हणाली, "पोरी, सगळं झ्याक हाय. पर सारवायचं कुणी?"

सगळे पुन्हा गप्प!

मग ताईने खोडरबर घेतलं. शेणाची जमीन पुसली आणि सगळ्या घरात शहाबादी फरशी लिहिली, पुसली की झालं. न्हाणीघराच्या भिंतींना आतून गुळगुळीत फरशा आणि तिथं सिमेंट. पाण्याच्या जागी मातीचा हट्ट नाही. आजीच्या खोलीला लागूनच संडास-न्हाणीघर, उंबरा नको, भिंतीला धरायला दांडा. आजीला आपल्या माजघरातली देवळी हवी होती, दिवा ठेवायची. ती नव्या घरात पूर्वेच्या भिंतीत आली. फरशी, काच, विजेच्या तारा, मंगलोरी कौलं हे सगळं वर्तुळाबाहेरचं. पण मंगलोरी कौलं तरी १८६५ पासून, म्हणजे कारखाना निघाल्यापासून, बाहेरगावीच जात आली आहेत! वर्तुळ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. बाहेर जाताना एकदा विचार करायचा, यासाठी ते काढलेलं.

"स्वस्त पडेल का हे घर?" मी हळूच विचारलं. ताईने खरं तेच सांगितलं. माल स्वस्त, पण मजुरी जास्त आणि वेळही जास्त. मात्र तो पैसा गावातल्या गवंड्याच्या, सुताराच्या, विटा पाडणाऱ्या बायांच्या हातात जातो.

अशा घरांचा भरवसा काय, असं तुम्हालाही वाटत असेल. युगा आखरे आणि सागर शिरुडे या दोघा आर्किटेक्टांनी लोणावळ्याजवळच्या वाघेश्वर गावात माती आणि बांबूचं दुमजली घर स्वतःसाठी बांधलं. लोक म्हणाले, पावसात टिकणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं आणि गेलं. घर उभंच होतं.

आजीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्येंचं ऱ्हायलं. आपलं बघू. बांधा तुमी. पर म्या एक पावसाळा गेल्याबिगर पाऊल टाकनार न्हाई."

पावसाळा गेला

जानेवारीत पाया भरला. फेब्रुवारीत विटा पाडल्या. माती तुडवायला गावातली पोरं शाळा सुटल्यावर धावत येत. चिखलात नाचायला मिळतंय आणि कुणी रागवत नाही, असं सुख कुठं मिळणार? मेच्या अखेरीस कौलं चढली. आणि जूनमध्ये आभाळ फाटलं.

मी पुन्हा गेलो तो ऑक्टोबरात. भात पिवळा पडला होता. आजी शेजाऱ्यांकडून काठी टेकत आली. कुणाशी बोलली नाही. थेट पश्चिमेच्या पडवीत गेली. वाकली. जिथं दगड संपतो आणि मातीची वीट सुरू होते, बरोबर त्या रेषेवर तिने अंगठा दाबला. मग थोडं पुढे. मग कोपऱ्यात. सगळी भिंत तिने अशी अंगठ्याने तपासली. गुरुजी श्वास रोखून उभे. ताईच्या तर चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता, जणू दहावीचा निकाल!

एका जागी अंगठा थांबला. तिथं वितीएवढा डाग होता, ओलसर. वर पाहिलं तर एक कौल सरकलं होतं.

"हे आजच्या आज बशिव," आजी गुरुजींना म्हणाली. "उद्या म्हनशील, परवा म्हनशील. मागच्या घराचं असंच झालं."

"हो आई," गुरुजी म्हणाले आणि शिडी आणायला पळाले.

"आणि आजी, तुम्ही?" ताईने विचारलं.

आजीने कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात होती कापसाची वात आणि छोटीशी पितळी पणती. ती घेऊन ती आत गेली, देवळी शोधायला.

ता. क. आता तुमचं काम. नकाशा घ्या, तुमच्या घरावर कंपास रोवा आणि आठ किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात कोणता दगड, कोणती माती, कोणतं लाकूड मिळतं, ते आजोबांना, गवंडीकाकांना विचारा. आणि आजीला विचारायला विसरू नका. मातीचा लाडू वळावा तो तिनेच!